समुद्राच्या पोटातला पाझर

दिवे, फटाके आणि चकलीची ताटली पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला समुद्राच्या तळाचा चिखल वाढायचा, हे फारसे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. त्यातून मी पडलो मराठीचा अध्यापक. समुद्राशी माझा संबंध म्हणजे कवितेत जेवढा येतो तेवढाच. असे असता ह्या भानगडीत मी कसा पडलो, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या मुलांनाही मी मराठी शिकवतो. त्यांना एकदा ‘पृथ्वीचे भवितव्य’ असा निबंध घातला होता. एका मुलीने मोठा झणझणीत निबंध लिहून आणला. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रतळाखाली मिथेन वायूचा प्रचंड बॉम्ब पुरलेला आहे, त्याला आता गळती लागली आहे आणि एक दिवस तो फुटला की सारे जग होरपळून निघणार आहे, असा त्याचा मथितार्थ. भाषा अशी की वाचताना अंगावर काटा यावा. मी तो वर्गात वाचून दाखवला. वाचन संपले तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पण ती गळती सुरू कधी झाली?”

प्रश्न साधा, पण नेमका. पाहुणा घरात दिसला म्हणजे तो आत्ताच आला असे होत नाही. तो सकाळपासून माजघरात बसलेला असेल आणि आपण आत्ता पाहिला असेल. त्या मुलीला उत्तर देता आले नाही, आणि मराठीच्या अध्यापकाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण प्रश्न मनातून जाईना. पुढे आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळून, त्यांनी दिलेले निबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढले, तेव्हा कळले, की त्या मुलाने विचारलेला प्रश्नच मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळवायला त्यांना जवळजवळ दहा वर्षे लागली होती. ती हकीकत मला एखाद्या उत्तम गुप्तहेरकथेइतकी रंजक वाटली. तीच येथे सांगायची आहे.

चिखलातली हवा

मिथेन म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. गोबरगॅसच्या निळ्या ज्योतीवर ज्यांनी चहा उकळलेला आहे, त्यांनी मिथेनच जाळलेला आहे. शेण, पालापाचोळा, मेलेले जीवजंतू असे काहीही हवाबंद जागी कुजू लागले, की तेथील सूक्ष्म जीव त्याचा मिथेन करतात. इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टा ह्यांनी १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो असे दाखवून दिले. विजेच्या घटाचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, तेच हे व्होल्टा. आपल्याकडची पोरे तळ्यात काठी घालून तेच करतात. फक्त बाटली नेत नाहीत, एवढाच फरक!

तळ्याच्या तळाशी जे घडते तेच समुद्राच्या तळाशी घडते, पण अवाढव्य प्रमाणावर आणि लाखो वर्षे. शिवाय पृथ्वीच्या पोटात खोलवर, उष्णतेने तयार झालेला वायूही भेगांतून वर येत असतो. आणि समुद्र खोल असला, की आणखी एक विलक्षण गोष्ट होते. वर शेकडो मीटर पाण्याचा दाब आणि तळाशी बर्फासारखी थंडी. ह्या दोहोंच्या कैचीत सापडलेला मिथेन आणि पाणी मिळून एक घन पदार्थ तयार होतो. पाण्याचे रेणू पिंजरा बांधतात आणि मिथेनचा रेणू त्यात पोपटासारखा अडकून पडतो. ह्याला म्हणतात मिथेन हायड्रेट. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर जळतो. ह्या बर्फाच्या एका घनमीटरात सुमारे १६४ घनमीटर वायू कोंडलेला असतो. दाब कमी झाला किंवा ऊब वाढली, की पिंजरा मोडतो आणि पोपट उडतो.

भीती आहे ती ह्या पोपटाचीच. मिथेन हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. समुद्र तापला, बर्फ वितळला, मिथेन सुटला, त्याने हवा आणखी तापली, तिने समुद्र आणखी तापवला, असे हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले तर थांबवायचे कोणी? अमेरिकेतल्या जेम्स केनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ह्या कल्पनेवर एक ग्रंथच लिहिला. पूर्वीच्या काळी हवामानात जे झपाट्याने बदल झाले, त्यांच्यामागे हाच मिथेन असावा, असे त्यांचे म्हणणे. आणि ह्या कल्पनेला त्यांनी नाव दिले बंदुकीचे. आमच्या विद्यार्थिनीचा बॉम्ब कोणाच्या शस्त्रागारातून आला, ते मला तेव्हा उमगले.

कानांनी पाहणे

आता समुद्राच्या तळाशी वायू पाझरतो आहे, हे कळायचे कसे? तेथे उजेड पोचत नाही. म्हणून शास्त्रज्ञ डोळ्यांऐवजी कान वापरतात. जहाजातून ध्वनीची हाक खाली द्यायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा. ह्याच युक्तीने कॅनडाच्या लुईस किंग आणि ब्रायन मॅक्लीन ह्या दोघांना नोव्हा स्कोशियाजवळच्या समुद्रतळावर असंख्य वाटोळे खळगे आढळले. १९७० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि खळग्यांना जे इंग्रजी नाव दिले, त्याला आपल्याकडे अगदी तयार शब्द आहे : देवीचे वण. तळाचा मऊ गाळ फोडून वायू किंवा पाणी बाहेर पडले, की मागे हा वण राहतो. पुढे असे वण जगाच्या जवळजवळ सर्व समुद्रांत सापडले. समुद्राचा चेहरा आपण समजत होतो तेवढा गुळगुळीत नाही.

बुडबुड्यांना पकडण्याचे यंत्र तर त्याहून घरगुती. मासेमारीच्या बोटींवर माशांचा थवा शोधायला जे ध्वनियंत्र असते, तेच. पाण्यातल्या बुडबुड्यावर ध्वनी फार जोरात आपटून परततो, त्यामुळे तळातून बुडबुड्यांची माळ वर येत असली, की यंत्राच्या पडद्यावर एक उभा, थरथरता पट्टा उमटतो. तो दिसतो कसा? थेट समईच्या ज्योतीसारखा. शास्त्रज्ञांनी ह्या चित्रांना ‘ज्वाळा’ असेच नाव दिलेले आहे.

२००८ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘जेम्स क्लार्क रॉस’ हे ब्रिटिश संशोधन-जहाज नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पश्चिमेस फिरत होते. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे ग्रॅहम वेस्टब्रुक आणि त्यांचे ब्रिटिश व जर्मन सहकारी ह्यांच्या यंत्रावर एकामागून एक ज्वाळा उमटू लागल्या. एकंदर अडीचशेहून अधिक! बहुतेक १५० ते ४०० मीटर खोलीवरच्या तळातून उठत होत्या. आता ह्या भागात हायड्रेटचा बर्फ सुमारे चारशे मीटरांहून खोल पाण्यातच टिकतो. आणि तेथून उत्तरेकडे वाहणारा अटलांटिकच्या पाण्याचा प्रवाह मागच्या तीस वर्षांत एक अंशाने उबदार झालेला होता. गणित मांडले, तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांपूर्वी हा बर्फ ३६० मीटर खोलीपर्यंत टिकू शकला असता. आता ती मर्यादा ३९६ मीटरपर्यंत खाली सरकली होती. म्हणजे ह्या दोन रेघांमधल्या पट्ट्यातला बर्फ वितळायला हवा, आणि बुडबुडे नेमके त्या रेघेच्या आसपास आणि वरच्या बाजूस!

पुरावा किती बिनतोड दिसतो पाहा. घरफोडी झाली, दार उघडे आहे, आणि दारात ओळखीचा चोर उभा आहे. वेस्टब्रुक ह्यांनी २००९ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, त्यात भाषा मात्र जपून वापरली होती. समुद्र तापल्यामुळे वायूचे सुटणे वाढले असण्याचा संभव आहे, आणि जर हे सगळ्या आर्क्टिक किनाऱ्यांवर पसरले तर पुढे मोठे प्रमाण होऊ शकेल, असे त्यांचे म्हणणे. पण शास्त्रज्ञाच्या लेखणीतला ‘जर’ हा फार नाजूक प्राणी असतो. एका कानातून दुसऱ्या कानात जाताना तो हमखास दगावतो. आमच्या वर्गात तो निबंध वाचला गेला, तोवर त्यातून ‘जर’ आणि ‘संभव’ हे दोघेही नाहीसे झालेले होते.

मला येथे राहून राहून वडवानलाची आठवण होते. महाभारताच्या आदिपर्वात और्वाची कथा आहे. भृगुकुळाचा संहार करणाऱ्या क्षत्रियांवर तो इतका संतापला, की त्या क्रोधाच्या अग्नीने त्रैलोक्य जाळायला निघाला. पितरांनी त्याला आवरले. तो क्रोध त्याने समुद्रात सोडला, आणि तेथे तो घोडीच्या मुखाचा अग्नी होऊन पाणी पीत राहिला. समुद्राखाली आग आहे आणि ती एक दिवस वर येईल, ही धास्ती माणसाला फार जुनी आहे. तिला नुसते निमित्त लागते. आणि येथे तर पडद्यावर प्रत्यक्ष ज्वाळा दिसत होत्या.

पाझराला फुटलेला दगड

पण जर्मनीतल्या कील येथील सागरसंशोधन संस्थेचे ख्रिस्तियान बेर्न्ट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तोच प्रश्न विचारला, जो आमच्या मागच्या बाकावरच्या मुलाने विचारला : सुरू कधी झाले? २०१२ साली ते ‘मारिया एस. मेरियन’ ह्या जहाजाने त्याच जागी गेले. बरोबर ‘यागो’ नावाची दोन माणसांची पाणबुडी होती. एक चालक, एक शास्त्रज्ञ. लांबी तीन मीटर, आणि चारशे मीटरांहून खोल जायची तिला परवानगी नाही. आपल्याकडच्या रिक्षेपेक्षा फार मोठी नव्हे. तिच्यात बसून माणसे त्या काळोखात उतरली आणि त्यांनी तळावरून दगड वेचून आणले.

दगड कशाला? येथे जरा थांबून दुसऱ्याच एका प्राण्याची ओळख करून दिली पाहिजे.

मिथेन गाळातून वर येत असतो, तेव्हा त्याची वाट अडवून बसलेली एक अदृश्य पंगत असते. गाळात प्राणवायू नसतो, पण समुद्राच्या पाण्यातले सल्फेट असते. दोन जातींचे सूक्ष्म जीव एकमेकांना बिलगून राहतात. एक मिथेनला हात घालतो, दुसरा सल्फेट वापरतो, आणि दोघांनी मिळून जेवण उरकायचे. एकट्याने दोघांपैकी कोणालाही ते जमत नाही. आन्टिए बोएटियुस ह्या जर्मन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यासमोरच्या गाळात ही जोडगोळी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली, ती २००० साली. समुद्राच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी सुमारे नव्वद टक्के ही मंडळी पाण्यात पोचण्यापूर्वीच फस्त करतात, असा अंदाज आहे. आपल्या पृथ्वीची हवा आज जशी आहे, तशी राहण्यात ह्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडप्यांचा केवढा हात आहे, हे वाचून मी थक्क झालो. त्यांच्या जेवणातून जो दुर्गंधी सल्फाइड वायू निघतो, त्यावर आणखी जीव जगतात, आणि त्या जीवांना पोटात बाळगून शिंपले आणि नळीतले लांबलचक कृमी जगतात. सूर्याशी ज्यांच्या जेवणाचा थेट संबंध नाही असे हे गाव! थंड पाझराकाठचे असे पहिले गाव अल्विन ह्या अमेरिकन पाणबुडीतून मेक्सिकोच्या आखातात, फ्लोरिडाच्या कड्याच्या पायथ्याशी, तीन किलोमीटरांहून अधिक खोल सापडले. चार्ल्स पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ते जगापुढे मांडले.

आपल्या हकीकतीशी संबंध आहे तो पंगतीतल्या खरकट्याचा. मिथेन खाल्ला जातो, तेव्हा त्यातल्या कार्बनचा चुनखडीसारखा दगड बनून गाळात साचतो. आपल्याकडे दगडाला पाझर फुटतो म्हणतात. समुद्राच्या तळाशी उलटा प्रकार, तेथे पाझराला दगड फुटतो. पाझर जितका जुना, तितका दगड जुना. आणि ह्या दगडात युरेनियमचे अंश अडकलेले असतात. त्याचे ठरावीक गतीने थोरियम होत असते. दोघांचे प्रमाण मोजले, की दगडाची जन्मपत्रिका मिळते.

बेर्न्ट ह्यांच्या दगडांनी साक्ष दिली, की येथे वायू निदान तीन हजार वर्षांपासून पाझरतो आहे.

तीन हजार वर्षे! आगगाडी नव्हती, गिरणी नव्हती, कोळशाच्या धुराने हवा तापवायला कोणी नव्हते, तेव्हापासून. शिवाय तळाशी ठेवलेल्या यंत्रांनी सांगितले, की तेथील पाणी ऋतूप्रमाणे एक-दोन अंशांनी कमीजास्त होत असते, आणि त्याबरोबर थोडा बर्फ बनतो नि थोडा विरघळतो. हा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. चोर म्हणून ज्याला धरले होते, तो त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा भाडेकरू निघाला.

गोड्या पाण्याची साक्ष

एवढ्याने समाधान होईल, तर ते शास्त्रज्ञ कसले! दगडावरून पाझराचे वय कळले, पण हायड्रेटचा बर्फ खरोखर वितळला होता की नाही, ते कुठे कळले? २०१६ साली हेच जहाज पुन्हा गेले. ह्या वेळी तळावर ठेवून दुरून चालवायचे छिद्रणयंत्र नेले होते, आणि क्लाउस वालमान आणि त्यांचे सहकारी गाळाचे लांबलांब नळकांडे वर काढून त्यातले पाणी पिळून पाहत होते.

ह्यातली युक्ती मला सर्वांत आवडली. हायड्रेट तयार होते तेव्हा पाण्याचे रेणू पिंजरा बांधतात, पण मिठाला आत घेत नाहीत. म्हणजे पिंजऱ्यातले पाणी गोडे. बर्फ वितळला, की समुद्राच्या तळाच्या गाळात गोडे पाणी सांडते. खाऱ्या गाळात गोडे पाणी सापडले, की समजावे, येथे कधी काळी बर्फ होता आणि तो विरघळला. वालमान ह्यांना असे पाणी सापडले. बर्फ खरेच वितळला होता! पण गोडेपणा गाळात किती पसरला आहे, त्यावरून तो कधी वितळू लागला असावा, ह्याचे गणित मांडता येते. आणि ते गणित सुमारे आठ हजार वर्षे मागे जाते.

आठ हजार वर्षांपूर्वी समुद्र कोणी तापवला? कोणी नाही. झाले असे, की हिमयुगात स्वालबार्डवर बर्फाचे प्रचंड ओझे होते आणि त्या भाराने जमीन दबून खाली गेली होती. हिमयुग सरले, ओझे उतरले, आणि जमीन हळूहळू वर येऊ लागली, जसे पाहुणे उठून गेल्यावर गादीतला खड्डा भरून येतो तशी. बर्फाच्या पाण्याने समुद्रही चढत होता, पण एक वेळ अशी आली, की जमिनीचे उचलणे समुद्राच्या चढण्यापेक्षा वेगवान झाले. तळावरचे पाणी उथळ झाले, दाब कमी झाला आणि पिंजरे मोडू लागले. गुन्हेगार ऊब नव्हे, दाब होता. २०१८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि त्यात आणखी एक मासलेवाईक गोष्ट होती. बर्फ वितळून सुटणारा वायू हा आजच्या बुडबुड्यांच्या मानाने अगदी थोडा. बुडबुडे येतात ते खोलवरच्या साठ्यातून. हायड्रेट हे नुसते झाकण. कधी घट्ट बसते, कधी सैल होते.

तर ‘गळती’ हा शब्द मला त्या निबंधात खटकला होता, तो का, हे आता माझे मला कळले. गळती म्हणजे काहीतरी फुटले, काहीतरी बिघडले. टाकीला गळती लागते, छपराला लागते. डोंगरातून पाणी झिरपते त्याला कोणी गळती म्हणत नाही, तो पाझर. शब्द चुकला की निदान चुकते.

मात्र ह्यावरून कोणी असे समजू नये, की आता निश्चिंत झोपावे. समुद्र तापतो आहे, हे यंत्रांनी मोजलेले सत्य आहे. आणि हवेतला मिथेन वाढतो आहे, हेही. पण त्यातला निम्म्याहून अधिक आपणच सोडतो : भातखाचरे, गुरे, कचऱ्याचे डोंगर, तेलाच्या विहिरी, कोळशाच्या खाणी. उरलेल्यात मोठा वाटा जमिनीवरच्या दलदलींचा. खोल समुद्रातल्या बुडबुड्याला हवेपर्यंत पोचणे फार अवघड. तो वर येऊ लागला, की त्याच्यातला मिथेन पाण्यात विरघळत जातो आणि पाण्यातले नायट्रोजन व ऑक्सिजन त्याच्या आत शिरतात. पुरेसा प्रवास झाला, तर बुडबुडा वर पोचतो खरा, पण त्याच्यातली मूळ वस्तू वाटेतच उतरून गेलेली असते. पाण्यात उतरलेल्या मिथेनला तेथेही जीवाणू खातात. २०१४ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या त्या बुडबुड्यांवरची हवा शास्त्रज्ञांनी जहाजातून आणि विमानातून तपासली, तेव्हा हवेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. केनेट ह्यांच्या बंदुकीचीही तपासणी झाली. ग्रीनलंडच्या जुन्या हिमात कोंडलेली हवा टॉड सॉवर्स ह्यांनी तपासली आणि २००६ साली सांगितले, की समुद्रतळाचा हा बर्फ त्या बदलांच्या काळात जागचा हललेला दिसत नाही.

उथळ समुद्राची गोष्ट निराळी, आणि तेथे वाद अजून चालू आहे. सैबेरियाच्या उत्तरेचा समुद्र कित्येक ठिकाणी पन्नास मीटरही खोल नाही. तेथला बुडबुडा वाटेत रिकामा होण्याआधीच वर येऊ शकतो. नताल्या शाखोवा आणि इगोर सेमिलेतोव ह्या रशियन शास्त्रज्ञांनी २०१० साली अंदाज दिला, की पूर्व सैबेरियाच्या उथळ समुद्रातून वर्षाला ऐंशी लाख टन मिथेन हवेत जातो. पुढे त्यांनी तो दुपटीहून अधिक वाढवला. २०१६ साली दुसऱ्या एका गटाने जहाजावरून मोजून सांगितले, की एकोणतीस लाख. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक, दोघांनीही थंडीत कुडकुडत मोजलेले. मला वाटते, मोजणी अधिक ठिकाणी आणि अधिक ऋतूंत व्हावी लागेल, आणि तोवर ह्यातला कोणताही एक आकडा पाठ करून व्यासपीठावर फेकू नये.

गोदावरीचा गाळ

हे सारे ध्रुवाकडचे झाले. आपल्या घरचे काय? गोव्यात दोना पावला येथे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात ध्वनीच्या हाका दिल्या, तेव्हा काही ठिकाणी खालचे थर दिसेनातच. मध्येच जणू कोणी पडदा ओढला होता. गाळात कोंडलेला वायू ध्वनीला पुढे जाऊ देत नव्हता. सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ह्या पडद्यावर निबंध लिहिला. पुढे २००६ साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ हे छिद्रण करणारे जहाज भारताच्या मोहिमेवर आले. केरळ-कोकण असे नाव असलेल्या खोऱ्यात त्यांनी भोक पाडले, तेथे हायड्रेट निघाले नाही; कोकणातल्या वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. निघाले ते पूर्वेला, कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर. तेथे एका जागी सुमारे १३० मीटर जाडीच्या थरात भेगाभेगांतून तो बर्फ भरलेला होता.

ही बातमी वाचली तेव्हा मी नाशिकचा रहिवासी एकदम सावध झालो. गोदावरी म्हणजे आमची गंगा. त्र्यंबकेश्वरी उगम पावते, आमच्या रामकुंडावरून जाते, आणि चौदाशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळते. जाताना दख्खनच्या काळ्या दगडाची झीज, शेतांतली माती, झाडांचा पाचोळा असे सारे वाहून नेते आणि समुद्रात टाकते. त्या खोऱ्यातला मिथेन मुख्यतः सूक्ष्म जीवांनी, असल्याच कुजक्या मालापासून केलेला आहे. अर्थात परवाच्या निर्माल्याचा त्यात काही वाटा नाही. तो गाळ साचायला हजारो-लाखो वर्षे लागली आहेत, आणि त्या वेळी रामकुंडही नव्हते आणि घाटही नव्हता. पण नदी होती आणि डोंगर होते.

२०१८ साली गोव्याच्या त्या संस्थेचे ‘सिंधु साधना’ हे जहाज तेथे गेले. अनिंद्य मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दीड किलोमीटरांहून अधिक खोल तळावर जिवंत पाझर सापडला. गाळात थोड्याच खोलीवर हायड्रेट, आणि पाझराकाठचे शिंपले व कृमी ह्यांचे वसलेले गाव. भारताच्या हद्दीतल्या समुद्रातली अशी ही पहिली नोंद, असे त्यांनी २०१९ च्या निबंधात लिहिले. ह्या बर्फातून इंधन काढता येईल का, ह्याचा विचार सरकारी पातळीवर कधीचा चालू आहे, आणि जपानने २०१३ साली आपल्या समुद्रात तसा प्रयोगही करून पाहिला. काही दिवसांत वाळू नळीत शिरली आणि काम थांबवावे लागले. इंधनाची गरज मला कळते, तरी झाकण उघडण्यापूर्वी झाकणाखाली किती काय आहे, आणि ते किती वर्षांपासून हलते आहे, हे आमच्या समुद्रातही कोणी दगड वेचून आणि गाळ पिळून तपासावे, असे मला वाटते. स्वालबार्डच्या एका पट्ट्यासाठी दहा वर्षे लागली. आपल्या गोदेच्या मुखाशी तो हिशेब आत्ता कोठे सुरू झाला आहे.